आप्पांची दालचिनी

आमच्या अंगणातल्या झाडाला हात लावायचा एक नियम आहे, आणि तो मोडणारा माणूस माझा नवरा आहे, हे आधीच सांगून टाकते.

नेरूळ गावठाणात आमचं घर. जुनं घर पाडून आम्ही तिथेच इमारत बांधली, तरी तळमजल्याला सासूबाईंनी हट्टानं पूर्वीसारखी ओटी काढून घेतली. ओटीसमोर थोडंसं अंगण आणि अंगणाच्या कोपऱ्यात दालचिनीचं झाड. कुंदन, म्हणजे माझा नवरा, जागांचे व्यवहार करतो, त्यामुळे रिकामा कोपरा दिसला की त्याला खाज सुटते. या कोपऱ्यात दोन गाड्या आरामात राहतील असं तो एकदा सासूबाईंना म्हणाला. त्या म्हणाल्या, "मंग तूच उभा रा तिथं, गाडी होऊन." विषय तिथेच मिटला.

झाड लावलं आप्पांनी. आप्पा आमचे भाडेकरू, मूळचे साताऱ्याकडचे, जावळी खोऱ्यातले. मसाला मार्केटात माथाडी होते. दालचिनी, वेलची, तमालपत्र, सगळ्याची पोती जन्मभर पाठीवर वाहिली. लग्न होऊन मी या घरात आले तेव्हा पहिले काही दिवस मला वाटायचं की शेजारी कुणीतरी रोज संध्याकाळी बिर्याणी करतं. मग कळलं, तो आप्पा कामावरून आल्याचा वास. एकदा गावाहून येताना त्यांनी तेलाच्या डब्यात एक रोप आणलं आणि सासूबाईंना म्हणाले, "बाई, लई वर्सं हिला पाठीवर घेतली. आता तुमच्या दारात हुबी ऱ्हाऊ द्या." सासूबाईंचं नाव विमलबाई, पण आप्पा आणि त्यांची बायको राहीबाई त्यांना नुसतं बाई म्हणायचे.

आता नियम. दर एप्रिलात सासूबाई वर्षाचा मसाला करतात. मिरच्या गच्चीवर वाळतात, खडा मसाला भाजला जातो, सगळी गल्ली शिंकते. त्या मसाल्यात तमालपत्राऐवजी पान जातं ते या झाडाचं. पण ते पहिलं पान झाड लावणाऱ्याच्या हातानंच खुडायचं. आप्पा होते तोवर आप्पा खुडायचे, ते गेल्यावर राहीमावशी. त्याआधी त्या वर्षी झाडाला कुणी बोट लावायचं नाही. माझ्या नणंदेनं एकदा पुलावात टाकायला एकच पान तोडलं होतं, तर माहेरपणाला आलेल्या लेकीला सासूबाईंनी असं झाडलं की ती दुसऱ्याच दिवशी सासरी निघून गेली.

आप्पा गेल्यावर राहीमावशी मुलाकडे, इंद्रजितकडे, जुईनगरला राहायला गेल्या. इंद्रजितही मसाला मार्केटातच एका पेढीवर कामाला आहे. नेरूळ ते जुईनगर म्हणजे काही परदेश नाही, रिक्षात बसून बोलायला सुरुवात करावी तर घर येतं. तरी मावशी वर्षातून एकदाच यायच्या, मसाल्याच्या वेळी. हातात कापडी पिशवी. पहिलं पान खुडायचं, ते सासूबाईंच्या हातात द्यायचं, मग पिशवीभर पाला तोडून न्यायचा. चहा घ्यायच्या तो ओटीच्या पायरीशी उभ्यानं. "बसा की मावशी" म्हटलं तर ठरलेलं उत्तर, "कामाशिवाय कुनाच्या दारात बसायची सवय न्हाई मला."

आणि सासूबाई? मावशी यायच्या आधी आठवडाभर त्यांचा एकच धोशा, "राही कवा येनार? फोन आला का राहीचा?" त्या दिवशी सकाळीच नवं पातळ नेसून, कानातलं घालून ओटीवर बसायच्या. मी माहेरून येते तेव्हा या घरात कुणी केस विंचरून बसलेलं मी पाहिलेलं नाही. पण मला त्याचा राग येत नाही. कारण दोघींचं एकमेकींवर काय ऋण आहे ते मला माहीत आहे.

सासूबाईंचा खुबा मोडला तेव्हा मी बाळंतपणाला माहेरी होते. राहीमावशींनी त्यांचं सगळं केलं. सगळं म्हणजे सगळं, जे पोटची लेक करताना नाक मुरडेल तेही. कुंदननं बाई ठेवू म्हटलं तर त्याच्यावर डोळे वटारले. आणि आप्पा त्या भाड्याच्या खोलीत झोपेतच गेले, गावाकडची माणसं पोचायला वेळ होता, तेव्हा गल्लीतल्या एक-दोन शहाण्यांनी सुचवलं की घरमालकाच्या दारात मयत नको, परस्पर हलवा. सासूबाई काठी टेकत बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "आप्पाला आमच्या ओटीवं ठेवा." दहा दिवस दिवाही आमच्याच घरात जळला. दोघींनी त्याबद्दल नंतर कधी चकार शब्द काढला नाही. आभार वगैरे शब्द त्यांच्या तोंडी बसलेच नसते.

तर गेल्या वर्षी एप्रिलात, मावशी यायच्या आधी, कुंदनच्या डोक्यात एक कल्पना आली. त्याच्या कल्पनांना मी फार भिते. राहीमावशी दरवर्षी नुसता पाला नेतात, तर यंदा त्यांना आप्पांच्या झाडाची खरी दालचिनी भेट द्यायची, असं त्यानं ठरवलं. फोनवर कुठला तरी व्हिडिओ पाहिला, कोयता घेतला आणि मी बाजारात गेलेली असताना गुडघ्यापासून कमरेपर्यंत खोडाची साल उतरवली. चारी बाजूंनी, गोल, एक पट्टीही मागे न ठेवता. मी आले तर हा मिठाईच्या खोक्यात सालीचे तुकडे रचून वर सोनेरी फीत बांधत होता. तोंडावर असा आनंद की बघवेना.

"मावशींना रडू येईल बघ," तो म्हणाला.

मी झाडाकडे पाहिलं आणि कपाळावर हात मारला. माझ्या माहेरी, पनवेलकडे, आंब्याची कलमं आहेत. जे झाड नको असतं त्याची साल बुंध्याशी अशीच गोल काढून ठेवतात. मग ते कापावं लागत नाही, आपलं आपण मरतं.

त्याच्या मनात वाईट असतं तर भांडण तरी सोपं होतं. मी काय झालं ते सांगितलं तेव्हा त्याच्या तोंडचं पाणी पळालं. सीवूड्सला रस्त्याकडेला नामदेवची नर्सरी आहे, त्याला बोलावून आणलं. त्यानं खोडावरून हात फिरवला आणि म्हणाला, "साल म्हणजे पानांकडून मुळांकडे अन्न उतरायची वाट. ती बंद झाली. वरून अजून महिना-दोन महिने हिरवं दिसेल, पण मुळं उपाशी पडतील."

"काहीच करता येत नाही?" कुंदननं विचारलं.

"येतं. बुंध्यापासून कापा. दालचिनीच्या बागांत असंच कापतात, खालून नवे फुटवे येतात. पण मुळांत जोर आहे तोवर. उशीर केलात तर मुळंही गेली."

म्हणजे झाड वाचवायचं तर ते आधी तोडायचं. नामदेव गेल्यावर कुंदन ओटीच्या कडेला बसून फोनवर वाचत राहिला आणि मलाही ऐकवत राहिला. या झाडांच्या प्रजातीचं नाव सिनॅमोमम, मूळची पावसाच्या दाट जंगलातली, बारमाही हिरवी, आणि तमालपत्र, मैदालाकडी, ॲव्होकाडो हे सगळे हिचे भाऊबंद, एकाच कुळातले. मी म्हटलं, कुळाची चौकशी आधी करायची असते, लग्न लागल्यावर नाही.

आता सासूबाईंना सांगणार कोण? दोघांचंही धाडस होईना. त्या आत झोपल्या होत्या. तेवढ्यात कुंदननं दुसरी अक्कल चालवली. पुतण्याच्या हळदीच्या मांडवाचं जरीच्या काठाचं हिरवं कापड माळ्यावर पडलेलं होतं, ते काढून त्यानं खोडाभोवती गुंडाळलं, सोललेलं दिसू नये म्हणून. "दोन दिवस जाऊ दे, मग सांगू," म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी अंगण झाडायला गेले तर झाडाशी उदबत्ती लावलेली आणि कापडावर कुंकवाची बोटं. समोरच्या बाळाबाई हात जोडून उभ्या. मला बघून हळूच म्हणाल्या, "सुचिता, कवा बसवली देवी? आमाला सांगितला बी नाय." मी नाही म्हणून सांगितलं, पण आपण नाही म्हटलं की बाळाबाईंची खात्रीच पटते. त्यांनी ठरवून टाकलं की आमच्या घराचा काहीतरी गुप्त नवस आहे. शुक्रवारी पाहते तर खण आणि नारळ ठेवून कुणीतरी झाडाची ओटी भरून गेलेलं. पलीकडच्या इमारतीतली एक मुलगी परीक्षेच्या आधी पाया पडून गेली. कुंदननं हळूच विचारलं, "आता हे झाड तोडलं तर गल्ली आपल्याला ठेवेल का गं?" मी उत्तर दिलं नाही, कारण जे तोंडावर आलं होतं ते शुक्रवारी बोलण्यासारखं नव्हतं.

सासूबाई ओटीवरून हे सगळं बघत होत्या. गुडघे थकलेत, नजर थकलेली नाही. त्यांनी कुंदनला हाक मारली.

"या झाडाला लुगडा कोनी नेसवला?"

"असंच गं आई. शोभेला."

"मना शोभा दाखवतो? सोड तो."

त्यानं मान खाली घातली. सासूबाई काठी घेऊन पायरी उतरल्या. अंगणात त्या एरवी उतरतच नाहीत. त्यांनी स्वतः गाठ सोडली, कापड एकेक वेढा काढत उलगडलं, आणि ते उघडं, पिवळट खोड समोर आलं. मला वाटलं आता फटके पडणार. चाळिशीच्या पुढच्या माणसाला आईच्या हातचे फटके पडताना बघायची माझी तयारी होती, खोटं कशाला बोलू. पण त्या नुसत्या खोडाला हात लावून उभ्या राहिल्या आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं.

कुंदननं सगळं सांगितलं. भेट, खोकं, नामदेव, तोडणं. मग म्हणाला, "आई, मावशी रविवारी येतायत. पानं अजून हिरवीच आहेत. त्यांना पान खुडू दे, पाला नेऊ दे. मग सोमवारी गुपचूप तोडू. त्यांना कशाला त्रास?"

"आप्पाच्या झाडाला एकदा न विचारता हात लावलास," सासूबाई म्हणाल्या. "दुसऱ्यांदा मी लावू देनार नाय. राहीला विचारायचा."

"मग फोन लावतो."

"फोनवं विचारतात का असला? जायचा. रिक्षा बोलव."

मी बघतच राहिले. कारण त्या क्षणी माझ्या ध्यानात आलं की इतक्या वर्षांत आमच्या घरातलं कुणी राहीमावशींच्या घरी एकदाही गेलेलं नाही. त्या यायच्या. आम्ही वाट बघायचो. घरमालकानं भाडेकरूकडे जायचं असतं हे आमच्या डोक्यात कधी आलंच नव्हतं, आणि खोली सोडून गेल्यावरही ते तसंच राहिलं. सासूबाईंनाही ते त्याच वेळी कळलं असावं. रिक्षात त्या जुईनगरच्या वळणावर मला म्हणाल्या, "सुचिता, झाड गेला त राही कशाला येईल गं?"

तेव्हा मला समजलं की त्या झाडासाठी रडतच नव्हत्या.

दार मावशींनीच उघडलं. सासूबाईंना काठी टेकून दारात उभं बघून त्यांचा चेहरा पांढरा पडला. "काय झालं? कोन गेलं?" असंच विचारलं त्यांनी. दुसरं कुठलं कारण त्यांना सुचलंच नाही.

"कोन नाय गेला. आत घेशील का नाय?"

मग मावशींची जी धांदल उडाली. पलंगावर नवी चादर टाकली, ती वाकडी झाली म्हणून पुन्हा काढली. खुर्ची आणली, खुर्चीवर उशी ठेवली, पंखा वाढवला, पाणी आणलं, पाण्याबरोबर साखर आणली. सासूबाई पलंगावरच बसल्या. कुंदन दाराजवळ खोकं मांडीवर घेऊन बसला, शाळेतून तक्रार आलेल्या पोरासारखा. सासूबाईंनी त्याला बोलू दिलं नाही, सगळं स्वतःच सांगितलं.

मावशींनी खोकं मागून घेतलं. फीत सोडली. एक तुकडा उचलून नाकाशी धरला आणि बराच वेळ तसाच धरून ठेवला. खोलीत आप्पा कामावरून आल्याचा वास पसरला. मला ते सहन होईना, मी खिडकीबाहेर बघत बसले.

"कुंदन," त्या म्हणाल्या, "आरं, अक्कल गहान ठिवली व्हतीस का?"

"हो मावशी," तो म्हणाला.

"त्यांच्या हातचं झाड हाय त्ये."

"हो मावशी."

मग सासूबाई म्हणाल्या, "तोडला त जगेल असा तो नर्सरीवाला सांगतो. पन तू नाय म्हनालीस त कोयता लागनार नाय. मग मरू दे तो उभ्यानं. तुझा झाड, तू सांग."

मावशींनी तुकडा परत खोक्यात ठेवला. "तोडा," त्या म्हणाल्या. "ह्येंनी ते जगावं म्हनून लावलं व्हतं. पयला घाव मी घालते, पयलं पान मीच खुडते न्हवं? मग हेबी माझ्याच हातानं हुंदे."

सासूबाईंनी मान हलवली, पण त्या उठेनात. काठीची मूठ हातात फिरवत राहिल्या. शेवटी म्हणाल्या, "राही, मंग तुना पाला कुठून मिलनार?"

"पाला?"

"मसाल्याचा. दर वर्साला नेतेस तो. आता दोन वर्सा तरी पाला नाय यायचा. तू येशील कशाला मग?"

राहीमावशी मग उठल्या, स्वयंपाकघराचं दार ढकललं. आत माळ्यावर प्लॅस्टिकच्या मोठ्या पिशव्या होत्या, एकीवर एक, तमालपत्रानं गच्च भरलेल्या. इंद्रजित पेढीवरून आणतो त्या.

"बाई," त्या म्हणाल्या, "माझा ल्योक मसाला मार्केटात हाय. मला पाल्याचा कसला तोटा?"

मी मनातल्या मनात स्वतःच्या थोबाडीत मारून घेतली. इतकी वर्षं. मसाला मार्केटात कामाला असलेल्या मुलाची आई आमच्या अंगणातून पाला नेत होती आणि आम्हाला कुणालाच प्रश्न पडला नव्हता.

"तुमास्नी बघून जावं वाटायचं," मावशी म्हणाल्या. "पर काय म्हनून यावं? भाड्यानं ऱ्हायलेली बाई मी. ह्यांची माती तुमच्या ओटीवरनं उठली. त्ये उपकार फेडायला आले म्हनू? का नुसती आले म्हनू? पिशवी हातात आसली की बरं पडायचं."

सासूबाईंनी त्यांचा हात धरून त्यांना पलंगावर आपल्याशेजारी बसवलं. दोघी रडल्या, आणि मीही रडले, सांगायला लाज कसली. त्या दोघी मला मिळाल्या याचं मला त्या खोलीत फार बरं वाटत होतं. कुंदन चहा करायला उठला. त्याला साखरेचा डबा सापडला नाही, पण साखर पाण्याच्या तांब्याशेजारीच होती.

महापालिकेच्या परवानगीसाठी कुंदननं खेटे घातले, आणि हे एक काम त्यानं तक्रार न करता केलं. बाळाबाईंना मी पटवलं की देवी जुईनगरला स्थलांतर करते आहे. ते पूर्ण खोटंही नव्हतं. परवानगी आली त्या दिवशी राहीमावशी आल्या, आधी एक पान खुडून सासूबाईंच्या हातात दिलं, मग कोयत्याचा पहिला घाव घातला. बाकीचं नामदेवच्या माणसांनी केलं. बुंध्याला शेण-मातीचा लेप दिला. त्या वर्षीच्या मसाल्यात शेवटची पानं गेली, आणि कुंदनच्या खोक्यातली सालही गेली. मसाला इतका चांगला कधी झाला नव्हता. मी हे कुंदनला सांगितलेलं नाही.

पाऊस सरता सरता बुंध्यातून फुटवे आले. दालचिनीची कोवळी पानं लालचुटुक असतात, हे मला तेव्हा कळलं. सासूबाईंनी ओटीवरून ती आधी पाहिली. त्यांनी मला जुईनगरला फोन लावायला सांगितला आणि फोनवर एवढंच म्हणाल्या, "राही, आला गं."

या वर्षी पुन्हा एप्रिल आला. फुटवे आता माझ्या कमरेएवढे झालेत, पण पानं तोडण्याजोगी नाहीत. मसाल्यासाठी पान यंदा मावशींच्या माळ्यावरूनच येणार हे इंद्रजितनं आधीच कळवलं होतं, आणि पिशवी पोचवूनही गेला होता. म्हणजे मावशींना यायचं काही कामच उरलं नव्हतं. तरी सासूबाई सकाळपासून नवं पातळ नेसून बसल्या.

उन्हं उतरताना मावशी फाटकातून आत आल्या. त्या फुटव्यांपाशी थांबल्या, एका लाल पानाला बोट लावलं, खुडलं नाही. मग ओटीच्या पायरीपाशी येऊन उभ्या राहिल्या, नेहमीच्या जागी.

सासूबाईंनी त्यांच्या हातांकडे पाहिलं. हात रिकामे होते.

"पिशवी कुठं हाय गं?" त्यांनी विचारलं. "आज काय न्यायला आलीस?"

"काय न्हाई," राहीमावशी म्हणाल्या. "बसायला आले."

आणि चप्पल काढून त्या ओटीवर चढल्या. सासूबाई जरा सरकल्या, त्यांना भिंतीशी टेकता यावं म्हणून. मी चहा टाकायला आत गेले.